भाड्याच्या साठवण गाळ्यांना आपत्तीपूर्व तयारीची सक्ती हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील शहरांत महिनेवारी भाड्याने मिळणारे सामान साठवण्याचे गाळे आणि लहान खासगी गोदामे अलीकडे बरीच दिसू लागली आहेत. छत्रपती संभाजीनगरात वाळूज आणि शेंद्र्याच्या आसपास, जालन्यात समृद्धी महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, लातूर, नांदेड, परभणीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्ल्यांत पत्र्याचे छप्पर आणि शटर असलेल्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहत आहेत. बदली झालेला शिक्षक आपला संसार तेथे ठेवतो, मुलांकडे पुण्याला राहायला गेलेले ज्येष्ठ दांपत्य वाड्यातील भांडी आणि कपाटे ठेवते, मंडप-डेकोरेशनवाला पावसाळ्यात आपले सामान ठेवतो, तर दर वाढण्याची वाट पाहणारा शेतकरी सोयाबीनची पोती ठेवतो. भाडे नियमाने घेतले जाते. परंतु पूर आला, भूकंपाचा धक्का बसला किंवा वादळात छप्पर उडाले, तर या परक्या मालाचे काय करायचे, याचा विचार त्या जागेच्या मालकाने आधी करून ठेवलेला असतोच असे नाही. येत्या मृगापूर्वी हा विचार सक्तीने करायला लावावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. माझी नोकरी धान्याच्या गोदामांवर गोदामपाल म्हणून झाली आहे, त्यामुळे या विषयाकडे मी दुरून पाहत नाही.

आपला प्रदेश दुष्काळी, ही समजूत आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की पुराची तयारी करा म्हटले की लोकांना ते अनाठायी वाटते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे खरे आहे. पण त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा आणि गोदावरी या नद्यांनी गावेच्या गावे पाण्याखाली घेतली, पैठणच्या जायकवाडी धरणातून होणारा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला, आणि धाराशिव, बीड, लातूर, नांदेड जिल्ह्यांत उभे पीक तर गेलेच, शिवाय घरात आणि गोदामात आणून ठेवलेला मालही गेला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली गारपीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पत्र्याच्या छपराची मजबुती किती असते हे सांगावे लागणार नाही. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले, त्यापूर्वी हा भाग भूकंपाच्या दृष्टीने देशातील सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात होता. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात केंद्रबिंदू असलेले धक्के परभणी आणि नांदेडपर्यंत जाणवले. तेव्हा आपल्याकडे असे काही होत नाही, हे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा असल्याने त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. गाळे बांधताना जागा स्वस्त पाहिली जाते, आणि स्वस्त जागा पुष्कळदा नदीच्या किंवा नाल्याच्या काठची असते. नदीच्या दोन पूररेषा असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे आणि दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत. गाळा भाड्याने घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की ही जागा कोणत्या रेषेच्या आत येते. पण तो विचारत नाही, कारण त्याला रेषा ठाऊक नसते, आणि मालक आपणहून सांगत नाही. शिवाय नदीपासून मैलभर दूर असलेल्या गाळ्यातही पाणी शिरते. संभाजीनगरातील खाम आणि सुखना या नद्यांना मिळणारे नाले, किंवा कोणत्याही शहरातील भराव टाकून अरुंद केलेला ओढा, तासाभराच्या ढगफुटीसारख्या पावसात रस्त्यावर येतो, हे आपण पाहतोच.

जुन्या जाणत्या लोकांनी बांधलेल्या गोदामाचे जोते ट्रकच्या फाळक्याइतके उंच असे. त्यामुळे हमालांना माल चढवणे-उतरवणे सोपे जाई आणि पाणीही बाहेरच राही. आताचे गाळे मात्र गाडी थेट आत नेता यावी म्हणून रस्त्याच्या पातळीला बांधतात. पुढे रस्त्याचे काँक्रिटीकरण होते, रस्ता वर येतो आणि गाळा खाली जातो. अशा ठिकाणी दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा बसवून त्यांत आडव्या फळ्या सरकवण्याची सोय करून ठेवावी, फळ्यांच्या फटी बुजवायला ताडपत्री आणि वाळूची पोती जवळ ठेवावीत. शटर पाणी अडवत नाही, ते खालून आणि बाजूंच्या पट्ट्यांतून आत घेते. मात्र बाहेर तीन फुटांहून अधिक पाणी चढेल असे दिसत असेल, तर ते अडवत बसणे धोक्याचे असते. साध्या विटांच्या भिंतीवर एका बाजूने तेवढा दाब आला की ती आत ढासळू शकते, आणि मग मालाबरोबर माणसेही सापडतात. त्या वेळी पाणी आत येऊ देऊन माल आधीच वर उचललेला असणे, हाच मार्ग उरतो. फरशीतील जाळी आणि संडासाचे भांडे यांतून गटाराचे पाणी उलटे वर येते, ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. तेथे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवायला फार खर्च येत नाही.

काळ्या मातीचाही विचार करावा लागतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर मुरुमाचा पुरेसा भराव न घालता टाकलेली फरशी दोन-तीन पावसाळ्यांत उचलली जाते, जोत्याला तडे जातात आणि त्या तड्यांतून ओल वर चढते. पूर न येताही सामान भिजते ते असे. भाड्याने घेतलेला गाळा पाहायला जाल तेव्हा भिंतीच्या तळाशी रंग फुगून पापुद्रे सुटले आहेत का आणि कोपऱ्यात फरशीचा आवाज पोकळ येतो का, एवढे तरी तपासा.

माल जमिनीला टेकवून ठेवू नये, हा गोदामाचा पहिला नियम आहे. लाकडी पाट किंवा पॅलेट खाली हवेत, भिंत आणि थप्पी यांत अडीच फुटांची वाट हवी, आणि थप्पी लावताना एका थराला आडवी तर दुसऱ्याला उभी पोती बसवून ती एकमेकांत गुंतवायला हवी. २०२५ च्या पुरानंतर नदीकाठच्या एका गावात मी एक खासगी गोदाम उघडताना पाहिले. शटर वर गेले तेव्हा आंबलेल्या धान्याचा असा वास आला की उभे राहवेना. आत पाणी गुडघ्याएवढेच चढले होते, म्हणजे खालचे दोन थर तेवढे भिजले होते. पण सोयाबीन पाणी पिऊन फुगले, तळाची पोती शिवणीवर उसवली, आणि वरचे कोरडे थर खालचा आधार सुटल्याने त्याच चिखलात येऊन पडले. पोत्याच्या फाटलेल्या तोंडातून बोटभर मोड बाहेर आलेले होते. शेतकऱ्याने ते दाणे हातात घेतले, पुन्हा खाली ठेवले आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसला. गुडघाभर पाण्यात सगळा माल जाण्याचे कारण नव्हते. दीड-दोन फुटांचे लोखंडी घोडे किंवा काँक्रिटचे ओटे असते, तर त्या दिवशी त्या गोदामातील बहुतेक माल वाचला असता.

पाण्याबरोबर येणारा आणखी एक धोका सांगितलाच पाहिजे, कारण त्याने माणसे मरतात. धान्याला किडीपासून वाचवण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. या गोळ्या ओलावा लागला की फॉस्फिन नावाचा अत्यंत विषारी आणि पेट घेणारा वायू सोडतात. गोळ्यांचा डबा गोदामाच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला असेल आणि त्यात पुराचे पाणी गेले, तर बंद शटरच्या आत तो वायू साठून राहतो. लसणीसारखा किंवा सडलेल्या मासळीसारखा वास आल्यास आत पाऊलही टाकू नये, आणि वास आला नाही म्हणून जागा सुरक्षित आहे असेही समजू नये. शटर लांबून उघडून, वारा खेळू देऊन, जाणकाराला बोलावूनच आत जावे. वेल्डिंगवाल्यांचे कार्बाइड, कळीचा चुना, गॅसच्या टाक्या, थिनर, कीटकनाशके या वस्तूही पाण्याच्या संपर्काने किंवा तरंगून उलट्या झाल्याने घातक ठरतात. घरगुती सामानाच्या शेजारच्या गाळ्यात त्या ठेवल्या जात असतील, तर ते थांबवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. कोणाच्या गाळ्यात काय आहे हे मला माहीत नाही, असे तो म्हणू शकत नाही.

भूकंपाबद्दल बोलताना किल्लारीचा धडा विसरून चालणार नाही. तेथे लोक गेले ते मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदांच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपरांच्या, वजनाखाली. मोंढ्यांच्या जुन्या भागांत आजही तशाच भिंतींच्या वखारी वापरात आहेत; वरचे माळवद काढून पत्रे टाकले असले तरी भिंती त्याच आहेत. अशा भिंतींना चौफेर काँक्रिटचा पट्टा बांधून घेणे आणि ठरावीक अंतरावर आरपार जोडदगड बसवणे, हे उपाय किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीतही सुचवले गेले होते. नव्या गाळ्यांत धोका वेगळा आहे. भिंतीला किंवा जमिनीला न जखडलेले अँगलचे रॅक धक्क्याबरोबर एकावर एक कोसळतात आणि मधल्या बोळात असलेल्या माणसाला बाहेर पडायला वाट राहत नाही. रॅकचे पाय बोल्टने फरशीत घट्ट करणे, जड वस्तू खालच्या फळीवर ठेवणे आणि बोळाचा दरवाजा कधीही मालाने न अडवणे, याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची आपल्याकडची रीत तातडीने बंद व्हायला हवी, कारण वाऱ्यात पत्रा उचलला गेला की तोच दगड खाली येतो. पत्रे कैचीला, म्हणजे छपराच्या सांगाड्याला, जे-बोल्टने आवळलेले असावेत, आणि छपरावर सोलर पॅनल बसवण्यापूर्वी कैची ते वजन आणि वारा पेलेल का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे. विजेपासून संरक्षणासाठी तडितवाहक आणि चांगले अर्थिंग आवश्यक आहे. विजेचा मुख्य बोर्ड मात्र पुराच्या पातळीच्या बराच वर हवा आणि तो बाहेरून बंद करता यायला हवा.

आता कायद्याच्या आणि पैशाच्या बाजूकडे येतो, कारण खरी कोंडी तेथे आहे. आपण माल दुसऱ्याच्या ताब्यात दिला आणि कुलूप त्याचे असले, तर त्याला कायद्यात निक्षेप म्हणतात, आणि भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १५१ नुसार माल सांभाळणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेतो तेवढी काळजी घेणे बंधनकारक असते. पण भाड्याच्या गाळ्याचे कुलूप ग्राहकाचे असते आणि करार सहसा लिव्ह अँड लायसन्सचा असतो. तेव्हा मालक म्हणतो, मी फक्त जागा दिली. आणि करारात बारीक अक्षरांत लिहिलेले असते की सामान ग्राहकाच्या जोखमीवर आहे. वखार महामंडळाच्या किंवा २००७ च्या गोदाम कायद्याखाली नोंदणी झालेल्या गोदामांना इमारत, विमा, साठवण यांबाबत अटी पाळाव्या लागतात. नोंदणी नसलेल्या गाळ्यांना या अटी लागू नाहीत, आणि सामान्य माणूस नेमका तेथेच जातो.

पुराचा इशारा आला आणि ग्राहक पुण्यात किंवा आखातात असला, तर त्याच्या गाळ्याचे कुलूप कोणी तोडायचे, हा प्रश्नही करारात सोडवलेला नसतो. मालकाने कुलूप तोडले तर चोरीचा आळ, नाही तोडले तर माल भिजणार. याचे उत्तर अवघड नाही. आपत्तीचा इशारा असताना, दोन साक्षीदारांसमोर, चित्रीकरण करून गाळा उघडण्याचा आणि माल वरच्या जागी हलवण्याचा अधिकार मालकाला राहील, आणि तत्पूर्वी ग्राहकाच्या दोन दूरध्वनी क्रमांकांवर कळवले जाईल, असे एक कलम करारात असले की पुरे. ग्राहकांची नावे आणि क्रमांक असलेली वही त्याच गाळ्यांच्या कार्यालयात, खालच्या खणात ठेवू नये, हेही येथेच सांगतो. तिची प्रत दुसऱ्या ठिकाणी असली पाहिजे.

विम्याबाबत फार मोठा गैरसमज आहे. मालकाने इमारतीचा विमा काढलेला असतो, आणि तो पाहून ग्राहकाला आपलाही माल सुरक्षित वाटतो. इमारतीच्या विम्यातून ग्राहकाच्या मालाला काहीही मिळत नाही. मालाचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यात साठवणुकीच्या जागेचा पत्ता बरोबर नोंदवावा लागतो. एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी आणलेल्या प्रमाणित भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा विम्यात पूर आणि भूकंप हे दोन्ही धोके मुळातच समाविष्ट आहेत. एका ठिकाणची विमा काढायची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला तो घेता येतो. शेतकऱ्याची अडचण याहून मोठी आहे. २०२५ च्या खरिपापूर्वी पीकविम्यात काढणीनंतरचे नुकसान धरले जाई ते शेतात कापून पसरवलेल्या पिकाचे, आणि तेही चौदा दिवसांपर्यंत. पोते गोदामात गेले की पीकविमा संपतो. शेतमाल तारण योजनेत माल ठेवून कर्ज घेणाऱ्याचा माल तरी विमा असलेल्या गोदामात असतो. ओळखीच्या माणसाच्या गाळ्यात ठेवलेल्या सोयाबीनला मात्र कोणतेच कवच नाही. म्हणून तलाठ्याने पंचनामा करताना साठवलेल्या शेतमालाचीही नोंद करावी आणि तिला मदतीच्या निकषांत स्थान मिळावे, ही मागणी शेतकरी संघटनांनी लावून धरायला हवी.

एका वेगळ्या प्रकारच्या सामानाचा उल्लेख राहू नये. मराठवाड्यात असंख्य घरांत निजामकाळातील उर्दू आणि मोडी कागद, खासरा पत्रके, जुन्या सनदा, मुलांच्या शाळेचे निर्गम उतारे ट्रंकेत बांधून ठेवलेले असतात, आणि घर लहान पडले की ती ट्रंक गाळ्यात जाते. गेल्या काही वर्षांत जातनोंदींसाठी या कागदांची किती शोधाशोध झाली ते सर्वांनी पाहिले आहे. असे कागद गाळ्यात ठेवूच नयेत. ठेवावे लागले तर आधी त्यांची चांगली छायाचित्रे काढून घ्यावीत आणि कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, वरच्या फळीवर ठेवावेत. भिजलेच तर उन्हात टाकून किंवा एकेक पान ओढून सुटे करू नये, त्याने शाई आणि कागद दोन्ही जातात. दोन दिवसांच्या आत प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवले तर बुरशी थांबते आणि पुढे जाणकाराकडून ते वाचवता येतात.

जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात त्या प्रत्येक जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला माझी विनंती आहे की महानगरपालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींमार्फत भाड्याच्या सर्व साठवण गाळ्यांची नोंद मे अखेरपर्यंत करून घ्यावी. प्रत्येक गाळ्याच्या दर्शनी भागी जागा कोणत्या पूररेषेत येते आणि २००६ व २०२५ च्या पुरात तेथे पाणी किती चढले होते, याची खूण रंगवणे बंधनकारक करावे. काय ठेवता येणार नाही, इशारा आल्यावर कोण काय करील, कुलूप कोणत्या परिस्थितीत उघडले जाईल आणि विमा कोणाचा, या चार बाबींचे परिशिष्ट कराराला जोडल्याशिवाय गाळा भाड्याने देऊ नये. पैठणच्या दरवाजांतून सोडलेले पाणी खाली नांदेडपर्यंत पोहोचायला अवधी लागतो. जलसंपदा विभागाने विसर्गाचे आकडे देताना त्या विसर्गाला कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत पाणी येते हेही कळवले, तर तेवढ्या वेळात माल वर उचलता येईल. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येक गाळ्यावर मोठ्या अक्षरांत असावा.

मोंढ्यातील व्यापारी संघटना, हमाल-मापाडी संघटना आणि गाळेमालक यांची एक बैठक प्रशासनाने बोलावल्यास मराठीतील तपासणी-सूची आणि कराराच्या परिशिष्टाचा मसुदा तयार करून देण्याचे काम मी विनामोबदला करीन. लातूरपासून सुरुवात करायची असेल, तर मृगाच्या आधी जुन्या मोंढ्यातील वखारी प्रत्यक्ष फिरून दाखवायलाही मी उपलब्ध आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गोदामपाल, लातूर